जी-६-पीडीचा रिपोर्ट आकड्यात द्या

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत नवजात बाळांच्या तपासण्यांवर आलेल्या लेखात जी-६-पीडी कमतरतेचा परिचय ‘या मुलांच्या शरीरात हे एन्झाइम तयारच होत नाही’ अशा एका वाक्यात उरकला आहे. बाकीचा लेख उपयुक्त आहे. हे वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि चूक नुसती पुस्तकी नाही. आजारपणात मुलाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि तीन महिन्यांनी तोच ‘डेफिशियंट’ आला की घरचे चक्रावतात. मग दोनपैकी एक लॅब खोटी, असे ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा दोन्ही लॅब बरोबर असतात. असे का होते, हे या एन्झाइमच्या स्फटिकरचनेवरून (त्याचा स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिलेल्या घडणीवरून) नीट कळते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

जी-६-पीडी म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. ग्लुकोजच्या एका फॉस्फेटमधून हायड्रोजन काढून तो एनएडीपी या सहकारी रेणूला देणे आणि त्याचा एनएडीपीएच करणे, एवढेच याचे काम. एनएडीपीएच असेल तर ग्लुटाथायोन हा पेशीचा रक्षक रेणू कामाच्या स्थितीत राहतो आणि पेशीत तयार होणारे पेरॉक्साइड निकामी होते. ते झाले नाही तर पेशी फुटते. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायला दुसरे मार्ग आहेत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत, त्यामुळे तिला हा एकच मार्ग. शिवाय तिच्यात केंद्रक नाही, म्हणजे नवीन प्रथिन घडवण्याची सोय नाही. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना जेवढे एन्झाइम बरोबर घेतले तेवढ्यावर १२० दिवस काढायचे. हा मुद्दा लक्षात असू द्यावा, पुढचे सगळे याच्यावर उभे आहे.

एन्झाइम मुळीच नसलेला माणूस आढळत नाही. उंदरांत हा जनुक पूर्णपणे निकामी केला तर पिल्ले गर्भातच मरतात. माणसांत जे बदल आढळतात, आणि ते दोनशेहून अधिक नोंदले गेले आहेत, ते बहुतेक सगळे ५१५ अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या मण्यांच्या) साखळीत एखादेच आम्ल बदलणारे आहेत. साखळी तयार होते, घडी पडते, कामही सुरू होते. बिघडते ते पुढे.

मानवी जी-६-पीडीची स्फटिकरचना पहिल्यांदा २००० साली प्रसिद्ध झाली. शॅनन आउ, शीला गोव्हर, व्हेरॉनिका लॅम आणि मार्गारेट ॲडम्स यांचे ते काम. ॲडम्स या ऑक्सफर्डच्या, नोबेलविजेत्या स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या तालमीत तयार झालेल्या. इन्सुलिनच्या रचनेचा १९६९ चा शोधनिबंध पाहिला तर त्यात ॲडम्स यांच्या बरोबरीने आपल्या भारतीय स्फटिकशास्त्रज्ञ एम. विजयन यांचेही नाव सापडते. असो. २००० साली सोडवली गेलेली रचना ही निरोगी एन्झाइमची नव्हती. ती दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या ‘कँटन’ या सदोष प्रकाराची होती. त्यात ४५९ व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन असते.

रचना सोडवणे म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय तिच्यावर कितपत विसंबावे ते कळणार नाही. आधी मानवी जनुक जिवाणूत घालून प्रथिन तयार करून घेतात. जिवाणूचे स्वतःचे जी-६-पीडी त्यात मिसळले तर सगळेच मुसळ केरात, म्हणून ज्याच्यातून तो जनुक काढलेला आहे असा ई. कोलाय वापरावा लागतो. मग एनएडीपीशी साम्य असलेला रेणू चिकटवलेल्या मण्यांच्या स्तंभातून प्रथिन शुद्ध करतात. शुद्ध द्रावणात एनएडीपी घालून ठेवले नाही तर एन्झाइम भराभर निकामी होते, हे अनुभवाने आधीपासून माहीत होते. त्याचे कारण रचना दिसल्यावर कळले. मिलिलिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम प्रथिन असलेल्या द्रावणाचा एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब काचेच्या झाकणावर घेतात, त्यात तेवढेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा क्षाराचे द्रावण मिसळतात आणि झाकण उलटे करून त्याच द्रावणाच्या छोट्या हौदावर ग्रीसने सीलबंद करतात. थेंबातले पाणी सावकाश हौदाकडे जाते, थेंब दाट होतो आणि नशीब असेल तर स्फटिक धरतो. नसेल तर राखाडी साका मिळतो.

जी-६-पीडीच्या बाबतीत साका मिळण्याची कारणे ठरलेली आहेत. हे एन्झाइम दोन साखळ्यांच्या जोडीत राहते आणि दोन जोड्या मिळून चौकडीही होते. दोन्ही रूपे एकाच द्रावणात ये-जा करत असतात. क्षार आणि पीएच वाढवले की जोड्यांकडे कल, पीएच उतरवले की चौकडीकडे. मिश्रण राहिले तर स्फटिकाला एकसारख्या विटा मिळत नाहीत. रचनेतही चौकडीतला जोड मोजक्या धन-ऋण भारांच्या आकर्षणावर टिकलेला दिसतो, त्यामुळे क्षाराने तो का सुटतो याचे उत्तर मिळाले. साखळीचे सुरुवातीचे टोक वळवळते असते, हा दुसरा त्रास. २००५ च्या पुढच्या कामात ते पंचवीस अमिनो आम्लांचे टोक कापूनच टाकले आणि एन्झाइमबरोबर ग्लुकोज-६-फॉस्फेट असलेले स्फटिक २.९ अँगस्ट्रॉमपर्यंत, एनएडीपी असलेले २.५ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहता आले. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितका बारकावा जास्त.)

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ठिपक्यांचा नकाशा मिळतो. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, कला (म्हणजे लहरींचा टप्पा, इंग्रजीत फेज) मात्र हरवते. ती भरून काढायला ओळखीच्या रचनेचा आधार घ्यावा लागतो. ल्युकोनॉस्टॉक या जिवाणूच्या जी-६-पीडीची रचना ॲडम्स यांच्याच गटाने १९९४ मध्ये सोडवली होती, तीच इथे साचा म्हणून वापरली. मानवी आणि जिवाणू साखळीचा क्रम जेमतेम एक तृतीयांश जुळतो, पण घडी जुळते. २००० ची रचना ३ अँगस्ट्रॉमची आहे. एवढ्या बारकाव्यात साखळीचा कणा आणि मोठ्या बाजूसाखळ्या ओळखता येतात, पाण्याचे रेणू दिसत नाहीत. इंटरनेटवर दिसणाऱ्या गुळगुळीत रंगीत चित्रात ही मर्यादा कुठेच दिसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवली.

या रचनेत मिळालेली अनपेक्षित गोष्ट म्हणजे दुसरा एनएडीपी. एक एनएडीपी क्रियास्थळी, म्हणजे एन्झाइममध्ये जिथे रासायनिक क्रिया घडते तिथे, येतो, हायड्रोजन घेतो आणि जातो. जिवाणूच्या एन्झाइममध्ये तेवढाच असतो. मानवी एन्झाइमच्या प्रत्येक साखळीत आणखी एक सापडला, क्रियास्थळापासून दूर, दोन साखळ्या जिथे एकमेकींना टेकतात त्या जागेजवळ. तो रासायनिक क्रियेत भाग घेत नाही. सुताराने जोडात पाचर ठोकावी तसा तो बसलेला आहे. पाचर निघाली की साखळीचे शेवटचे टोक सैल पडते आणि दोन साखळ्यांचा जोड ढिला होतो. कायमस्वरूपी रक्तक्षय घडवणारे, सर्वांत गंभीर गटातले बदल या नकाशावर मांडून पाहिले, तर ते क्रियास्थळाभोवती न सापडता याच पाचरीभोवती आणि जोडाच्या रेषेवर गर्दी करून असलेले दिसले. क्रियास्थळाला धक्का लावणारे बदल विरळ आहेत, कारण तिथेच घाव बसला तर गर्भ जगत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या गटाने या गंभीर प्रकारांपैकी चार स्फटिकरचना आणि इतर तंत्रांनी तपासले. दुसऱ्या एनएडीपीची जागा बिघडली की जोडाच्या रेषेवरचे दोन पट्टे अव्यवस्थित होतात आणि तो बिघाड दूरवरच्या क्रियास्थळापर्यंत पोचतो, असे त्यातून दिसले. म्हणजे क्रियास्थळातले प्रत्येक आम्ल जागेवर असूनही काम थांबते.

आता हे आपल्याकडच्या प्रकारांना लावून पाहू. मुंबईत पारशी समाजातल्या जी-६-पीडी कमतरतेचा अभ्यास १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळलेल्या नव्या प्रकाराला ‘जी-६-पीडी कल्याण’ असे नाव मिळाले. केरळात सापडलेला ‘केरळ’ प्रकार वेगळा समजला जात होता. १९९२ मध्ये डीएनए वाचल्यावर दोन्ही एकच निघाले: ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. ऋण भाराच्या जागी धन भार, म्हणजे प्रत्येक साखळीमागे दोन भारांचा फरक. विद्युतक्षेत्रात असे प्रथिन वेगळ्या वेगाने सरकते, तेवढ्यावरून ओळख पटवण्याचा तो काळ होता. आता साहित्यात ‘केरळ-कल्याण’ असे जोडनाव आहे.

भारतातल्या शहरी लोकसंख्येत प्रामुख्याने ‘मेडिटेरेनियन’ प्रकार आढळतो. त्यात १८८ व्या जागी छोट्या सेरिनच्या ठिकाणी बोजड फिनाइलॲलनिन येते. आदिवासी समाजांत मुख्य प्रकार ‘ओरिसा’, म्हणजे ४४ व्या जागी ॲलनिनऐवजी ग्लायसिन. हा बदल वर सांगितलेल्या नियमाला अपवाद आहे, आणि आमच्या मते महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी तो मुद्दाम लक्षात ठेवायला हवा. ४४ वे ॲलनिन क्रियास्थळी येणाऱ्या एनएडीपीला धरणाऱ्या ओळीतलेच आहे. १९९५ च्या मोजमापात या प्रकाराला निम्म्या वेगाने काम करायलाच नेहमीच्या पाचपट एनएडीपी लागतो, असे दिसले. तपासणीच्या नळीत एनएडीपी गरजेपेक्षा कितीतरी जास्त घातलेला असतो. पेशीत तो मोजकाच. तेव्हा या प्रकारात नळीतला आकडा पेशीतल्या खऱ्या परिस्थितीपेक्षा थोडा उदार असू शकतो, असे धरून चालावे. काठावरच्या रिपोर्टवर निर्धास्तपणे प्रायमाक्विन (मलेरियावरची गोळी; या कमतरतेत ती तांबड्या पेशी फोडते) सुरू करू नये.

सुरुवातीच्या गोंधळाकडे येऊ. निरोगी एन्झाइम तांबड्या पेशीत सुमारे ६२ दिवसांत निम्मे होते. आफ्रिकेत आढळणाऱ्या ‘ए-मायनस’ प्रकारात सुमारे १३ दिवसांत. मेडिटेरेनियनमध्ये तर हिशेब तासांचा आहे. म्हणजे सौम्य प्रकारांत नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुण पेशीत एन्झाइम बऱ्यापैकी असते आणि म्हाताऱ्या पेशीत जवळपास संपलेले असते. औषधाने किंवा तापाने रक्त फुटते, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा आधी म्हाताऱ्या पेशी जातात. आठ-दहा दिवसांत अस्थिमज्जा तरुण पेशींचा लोंढा सोडते. नेमका त्याच वेळी नमुना घेतला तर तरुण पेशींचे एन्झाइम मोजले जाते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. शिकागोच्या संशोधकांनी इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवर रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्विन देऊन केलेल्या प्रयोगांत रक्त फुटणे काही दिवसांनी आपोआप थांबत असे, गोळी चालू असूनही. त्याचे कारण हेच. १९५६ मध्ये त्यांनीच या संवेदनशीलतेच्या मुळाशी जी-६-पीडी असल्याचे दाखवले. (कैद्यांवर असे प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, हे वेगळे सांगायला नको.) पण तो निष्कर्ष मेडिटेरेनियनला लावू नये. तिथे तरुण पेशीही तग धरत नाहीत, गोळी चालू ठेवली तर रक्त फुटतच राहते.

म्हणून ऐन आजारात आलेला ‘डेफिशियंट’ रिपोर्ट विश्वासार्ह असतो, ‘नॉर्मल’ रिपोर्ट तेवढा नसतो. अशा वेळी रेटिक्युलोसाइटचे (नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुण तांबड्या पेशींचे) प्रमाण त्याच नमुन्यावर मोजावे आणि ते वाढलेले असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. रक्त चढवलेले असेल तरीही तेच, कारण मोजले जाते ते दात्याचे एन्झाइम.

तपासणीतल्या चुकाही सांगायला हव्यात. सगळ्यात स्वस्त आणि खेडोपाडी करता येणारी चाचणी म्हणजे चमकणाऱ्या ठिपक्याची. दहा मायक्रोलिटर रक्त, त्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट, एनएडीपी आणि पेशी फोडणारे सॅपोनिन असलेले द्रावण. सुरुवातीला, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी गाळणकागदावर एकेक ठिपका टाकायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहायचा. एनएडीपीएच चमकते, एनएडीपी चमकत नाही. ठिपका ओला असताना पाहिला तर चमक दिसत नाही आणि चांगला माणूस सदोष ठरतो. तीव्र रक्तक्षयाच्या रुग्णात उलटे होते. हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे ते प्रकाश कमी शोषते आणि चमक आहे त्यापेक्षा जास्त वाटते. एन्झाइमची मात्रा निरोगी माणसाच्या साधारण ३० टक्क्यांखाली असलेला पुरुष रुग्ण ही चाचणी चांगली पकडते, त्याच्या वर तिचा भरवसा नाही.

आकड्याच्या चाचणीत ३४० नॅनोमीटरला शोषण मिनिटागणिक किती वाढते ते मोजतात आणि हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे युनिटमध्ये सांगतात. इथे तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, साखळीतले पुढचे एन्झाइमही एनएडीपीएच बनवते. त्याला मॅलेइमाइडने थांबवले नाही किंवा त्याचा वाटा वजा केला नाही तर आकडा फुगतो, आणि कमतरता असलेल्या माणसात सर्वांत जास्त फुगतो. दुसरी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटमध्ये एन्झाइम भरपूर असते. रक्तक्षयाच्या नमुन्यात पांढरा थर नीट काढला नाही तर त्यांचेच मोजमाप हाती येते. तिसरी, तापमान. ३० अंशांना केलेली चाचणी आणि ३७ अंशांना केलेली चाचणी यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक आहे. दोन लॅबमधल्या ‘नॉर्मल रेंज’ जुळत नाहीत याचे हे एक साधे कारण.

नवजात बाळांच्या टाचेतून कार्डावर घेतलेल्या रक्ताची गोष्ट निराळी आहे. हे एन्झाइम उष्णता आणि दमटपणा सोसत नाही. कार्ड आडवे ठेवून, सावलीत, उघड्या हवेवर तीन-चार तास वाळवायचे. ऊन, हेअर ड्रायर, रेडियंट वॉर्मरची वरची फळी, यांपैकी काही नको. वाळल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद पिशवीत, आणि पाठवेपर्यंत फ्रिजमध्ये. पावसाळ्यात कोकणातून कुरिअरने चार दिवसांनी पोचलेले, पुडीशिवायचे कार्ड ‘डेफिशियंट’ दाखवू शकते आणि आईबापांच्या जिवाला घोर लागतो. असा रिपोर्ट आला तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतल्या ताज्या रक्तावर खात्री केल्याशिवाय बाळावर शिक्का मारू नये. ती नळी २ ते ८ अंशांत ठेवावी, गोठवू नये. शिवाय बाळांमध्ये या एन्झाइमची मात्रा मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे मोठ्यांचा निकष लावला तर काठावरची बाळे ‘नॉर्मल’मध्ये सुटतात.

मुलींच्या बाबतीत तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा रिपोर्टला फारसा अर्थच नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एकच प्रत, ती सदोष तर सगळ्या पेशी सदोष. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, त्यामुळे सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात. प्रमाण कोणाचे वीस-ऐंशी, कोणाचे साठ-चाळीस. सरासरी ५० टक्के आली तरी त्यातल्या निम्म्या पेशी पूर्णपणे उघड्या असू शकतात. ठिपक्याच्या चाचणीत ही स्त्री ‘नॉर्मल’ ठरते आणि प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांत तिचे हिमोग्लोबिन उतरते.

प्रायमाक्विनचा प्रश्न आपल्या राज्यात कागदावरचा नाही. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दबा धरून बसतात आणि पुन्हा ताप आणतात. ते काढायला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाला रोज १५ मिलिग्रॅम, चौदा दिवस घ्यावे लागते. राष्ट्रीय मार्गदर्शिकेत हे औषध तान्ह्या बाळांना, गरोदर स्त्रियांना आणि जी-६-पीडी कमतरता माहीत असलेल्यांना देऊ नये असे म्हटले आहे. मेख ‘माहीत असलेल्यांना’ या शब्दांत आहे. तपासलेच नाही तर माहीत कुठून होणार? ज्यांची मात्रा ३० टक्क्यांखाली आहे त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला पर्याय आहे: किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. टॅफेनोक्विन या एका डोसाच्या औषधाला तर ७० टक्क्यांच्या वरची मात्रा लागते, कारण ते शरीरात अनेक दिवस रेंगाळते. दुष्परिणाम दिसला म्हणून गोळी थांबवायची सोयच राहत नाही. ३० आणि ७० हे आकडे ठिपका पाहून कळत नाहीत. बोटातल्या थेंबावर काही मिनिटांत आकडा देणारी, हातात मावणारी यंत्रे आता आहेत. ती मलेरियाच्या पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असावीत.

यंत्र येईपर्यंत गोळ्या देणाऱ्या आशाताईंनी आणि घरच्यांनी पाहायचे ते एवढे: लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होणे, डोळे पिवळे, ओठ निळसर, पोटात दुखणे किंवा उलट्या. यातले काहीही दिसले की गोळी लगेच बंद करून डॉक्टरांकडे. रक्त फुटायला लागते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज विचारपूस हवी. चौदा दिवसांचे पाकीट एकदम हातात देऊन पाठवणे आम्हाला मुळीच पटत नाही.

काय टाळायचे याच्या ज्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात त्या निम्म्या घाबरवण्यासाठीच असतात. भक्कम पुरावा असलेली औषधे मोजकी आहेत: प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, लघवीच्या जळजळीवरचे फेनाझोपायरिडीन, मिथिलीन ब्लू, रासब्युरिकेज. डॅप्सोन महत्त्वाचे, कारण कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात प्रौढाला ते रोज १०० मिलिग्रॅम असते. नेहमीच्या मात्रेतले पॅरासिटामॉल चालते. जन्मल्यावर दिले जाणारे के-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन तर नाकारूच नये. कडधान्यांत घातक आहे तो बाकला, म्हणजे फावा बीन. आपले वाल आणि पावटे वेगळ्या वनस्पतीचे आहेत. डाळिंब्यांची उसळ बंद करायला सांगणारे सल्ले याच गल्लतीतून येतात. डांबरगोळ्या मात्र खरोखरच धोक्याच्या. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली जुनी दुपटी-झबली बाहेर काढून तशीच बाळाला गुंडाळली तर नॅफ्थलीन त्वचेतून आणि श्वासातून जाते आणि बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. अशा घरात डांबरगोळ्या आणूच नयेत.

यावर औषध आहे का, असा प्रश्न वाचक विचारतील. दोन साखळ्यांचा जोड आवळणारा एजी-वन नावाचा लहान रेणू स्टॅनफर्डच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. कँटनसकट काही प्रकारांचे काम त्याने सुधारते, असे पेशींवर आणि झेब्राफिश माशांवर दिसले. स्फटिकरचना हाती नसती तर जोड आवळल्याने काम का सुधारते, हे उलगडले नसते. पण तो दुकानात मिळणारा पदार्थ नाही आणि ‘जी-६-पीडी बूस्टर’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांशी त्याचा काही संबंध नाही.

आमची मागणी छोटी आहे. जी-६-पीडीच्या रिपोर्टवर ‘डेफिशियंट’ किंवा ‘नॉर्मल’ एवढाच शेरा नको. हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे युनिट, त्या लॅबच्या निरोगी पुरुषांच्या मध्यकाशी टक्केवारी, चाचणीची पद्धत आणि तापमान, त्याच नमुन्याचे हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, नमुना कोणत्या तारखेला घेतला आणि कोणत्या तारखेला तपासला, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले का, या ओळी छापायला अर्धे पान पुरते. कमतरता पक्की झालेल्या प्रत्येकाला वरील औषधांची नावे मराठीत लिहिलेले, पाकिटात मावणारे कार्ड द्यावे. आणि आईची व मावशांची तपासणी सुचवावी, कारण सदोष प्रत मुलग्याकडे आली ती आईकडूनच.

आपले,
प्रथिनरचना आणि रक्तविकार निदान या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, मुंबई